शंबुकाचा गड आणि न्यायमूर्ती नियोगी

रामटेकच्या गडावर धुम्रेश्वराचे देऊळ आहे. तप करणाऱ्या शूद्र शंबुकाला रामाने इथेच मारले, अशी तिथली आख्यायिका. लक्ष्मण मंदिरातल्या यादवकालीन शिलालेखातही शंबुक आहे. भाविक हात जोडून पुढे जातात, आम्ही थबकतो. गुन्हा काय? तर साधनेचा मार्ग त्याने स्वतः निवडला. न्यायाधीश राजाच आणि शिक्षा मृत्यूची! चातुर्वर्ण्य दंडाशिवाय टिकत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त याच शंबुकाचा दाखला देऊन सांगितले.

त्याच १९३६ साली रामटेकपासून पन्नासेक किलोमीटरवर, नागपूरला उच्च न्यायालय सुरू झाले. तिथून निवृत्त झालेले न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी आमच्या तरुणांना फारसे ठाऊक नाहीत. धर्मांतरविरोधकांना मात्र हे नाव तोंडपाठ आहे. कारण तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. समिती १४ जिल्ह्यांत फिरली, ७७ केंद्रांवर ११,३६० लोकांना भेटली. बळ, फसवणूक वा आमिषाने होणारे धर्मांतर कायद्याने रोखा, असे तिने १९५६ च्या अहवालात सुचवले. त्या अहवालाची भाषा आम्हाला मान्य नाही. आदिवासी माणूस स्वतः विचार करून धर्म बदलू शकतो, यावर त्यात फारसा विश्वास दिसत नाही.

पण १९५६ साल अहवालापाशी संपत नाही. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली, तेव्हा बौद्ध झालेल्यांत हेच नियोगी होते. ते अस्पृश्य समाजातले नव्हते. त्यांना सवलत नको होती, आमिष तर कोण देणार? कायद्याची पुस्तके कोळून प्यायलेल्या माणसाने विवेकाने घेतलेला तो निर्णय होता. अहवाल डोक्यावर घेऊन नाचणारे अहवालकर्त्याची ही दीक्षा मात्र सोयीस्करपणे गिळून टाकतात.

पुढे १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. नाव स्वातंत्र्याचे, काम पहाऱ्याचे. २०२१ च्या नव्या कायद्याने तिथे धर्मांतराआधी ६० दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सक्तीचे केले. गुजरात सरकारने तर एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून बजावले, की हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जाणाऱ्यालाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. १९५६ साली असा नियम नागपुरात असता, तर लाखोंच्या रांगेत अर्ज घेऊन न्यायमूर्ती नियोगींनाही कलेक्टर कचेरीत उभे राहावे लागले असते.