कुत्रा मांजराची विष्ठा खातो, त्याने नेमका धोका कुणाला?

घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील, तर कुत्रा एक उद्योग हमखास करतो. मांजराच्या लिटर बॉक्समध्ये तोंड घालून तो विष्ठा खातो. शहरातल्या फ्लॅटमध्ये हा बॉक्स प्लास्टिकचा असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरासारख्या जंगलपट्ट्यात मांजर चुलीच्या राखेचा ढीग, बांधकामाची रेती किंवा परसातली भुसभुशीत माती गाठतं. मोकळा फिरणारा कुत्रा तिथेही पोहोचतो. जागा बदलली, तरी बहुतेक धोके तेच राहतात.

कुत्रा असं का करतो?

मांजराच्या आहारात प्रथिनं जास्त असतात. त्यामुळे तिच्या विष्ठेचा वास कुत्र्याला खाद्यासारखा वाटतो. ही बहुतेक वेळा सवय असते, आजार नव्हे.

कुत्र्याला काय होऊ शकतं?

विष्ठेतून साल्मोनेलासारखे जिवाणू आणि जंतांची अंडी पोटात जातात. त्यातून उलट्या, हगवण होऊ शकते. बाजारातलं गोळा होणारं लिटर बहुधा बेंटोनाइट मातीचं असतं. ही माती ओलावा शोषून फुगते. ती जास्त खाल्ली, तर आतडं तुंबू शकतं. वारंवार उलट्या, जेवण बंद, शौचाला न होणं, पोट फुगणं ही लक्षणं दिसताच पशुवैद्याकडे न्यावं.

माणसांना काय धोका?

टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी आपली अंडी फक्त मांजरवर्गीय प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर टाकतो. मांजराला पहिल्यांदा लागण झाली, की साधारण 1 ते 3 आठवडे ही अंडी पडत राहतात. कुत्र्याने ती खाल्ली, तर त्याच्या आतड्यातून ती जशीच्या तशी बाहेर पडू शकतात. तोंडाला आणि केसांना चिकटूनही ती घरात येतात. कुत्रा स्वतः सहसा आजारी पडत नाही, पण वाहक ठरतो. गर्भवतीला पहिल्यांदाच लागण झाली, तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. मात्र माणसांत ही लागण कच्चं राहिलेलं मांस आणि दूषित पाणी यांतूनही होते. त्यामुळे एकट्या मांजराला दोष देऊन तिला घराबाहेर काढण्यात अर्थ नाही.

दुसरा धोका अंकुशकृमींचा. त्यांची एक जात कुत्रा, मांजर आणि माणूस या तिघांनाही होते. तिच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात. पावसाळ्यात अंगणात अनवाणी खेळणाऱ्या मुलांना म्हणूनच जपावं लागतं.

मग करायचं काय?

टोक्सोप्लाझ्माची ताजी अंडी लगेच लागण करत नाहीत. त्यासाठी त्यांना 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

- हातमोजे घालून किंवा खुरप्याने विष्ठा उचलावी, विहीर आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर खोल पुरावी, मग साबणाने हात धुवावेत. हे काम गर्भवतीला देऊ नये.
- बॉक्स कुत्र्याचं तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा. रेतीचा ढीग ताडपत्रीने झाकावा.
- फिनाईलने ही अंडी मरत नाहीत. रिकामा बॉक्स उकळत्या पाण्याने धुवावा.
- मांजराला कच्चं मांस देऊ नये.
- कुत्रा आणि मांजर दोघांनाही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर जंताचं औषध द्यावं. एकालाच दिलं, तर दुसऱ्याकडून जंत परत येतात.