मुलांकडे, अमेरिकेत : लेखांक ६ – घराजवळची नर्स प्रॅक्टिशनर

प्रवासी विम्याचं पुराण गेल्या आठवड्यात संपलं. विमा हातात आहे, वडिलांना चार दिवस खोकला आहे, आणि मुलगा फोनवर ‘फॅमिली डॉक्टर’ शोधतो आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच : नव्या पेशंटला अमुक आठवड्यांनंतरची वेळ. तेवढ्यात पलीकडून विचारतात, “एनपी चालेल का? त्या उद्या आहेत.” इथे आपली माणसं अडखळतात. नर्स तपासणार? मग डॉक्टर कधी बघणार?

माझं सरळ मत आहे की खोकला, रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, लसी, त्वचेवरचं पुरळ यांसाठी उद्याची वेळ घ्यावी. का, ते सांगतो.

अमेरिकेतली फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एफएनपी, ही आपल्याकडच्या वॉर्डातल्या सिस्टरची बढती नव्हे. ती स्वतः तपासते, निदान करते, रक्ताच्या चाचण्या आणि एक्स-रे लिहून देते, औषधांची चिठ्ठी देते आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे धाडते. या पेशाचा पहिला अभ्यासक्रम १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने सुरू केला. खेड्यापाड्यांत आणि गरीब वस्त्यांत मुलांना तपासायला डॉक्टर पुरत नव्हते, हे त्याचं कारण. विरोध डॉक्टरांनी केला, तसाच नर्सिंग शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीही केला. डोंगराळ केंटकीत मात्र याची पूर्वपीठिका त्याहून जुनी आहे. मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५मध्ये उभ्या केलेल्या संस्थेच्या परिचारिका घोड्यावरून घरोघर बाळंतपणं करत फिरत. आज देशात पावणेचार लाखांच्या वर नर्स प्रॅक्टिशनर आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य एफएनपीच आहेत.

‘फॅमिली’ हा शब्द इथे कामाचा आहे. केवळ मुलांच्या, केवळ प्रौढांच्या किंवा केवळ मानसोपचाराच्या नर्स प्रॅक्टिशनर वेगळ्या असतात. एफएनपीला सगळ्या वयांचे रुग्ण चालतात. नातवाच्या लसी, सुनेची पॅप चाचणी आणि आजोबांची साखर एकाच खोलीत बघून होते. घरात तीन पिढ्या एकत्र आल्या की ही सोय फार मोठी.

शिक्षणाचं म्हणाल तर आधी नर्सिंगची पदवी आणि परवाना, मग दोन-तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा. पण इथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पदव्युत्तर शिक्षणात रुग्णांबरोबरच्या प्रत्यक्ष कामाचा किमान निकष आता ७५० तासांचा आहे, तर फॅमिली डॉक्टर वैद्यकीय पदवीनंतर तीन वर्षं रेसिडेन्सी करून आलेला असतो. फरक मोठा आहे. म्हणून वेळ घेताना “या कामात किती वर्षं आहात?” असं विचारायला संकोचू नका. पंधरा वर्षं त्याच वस्तीत रुग्ण बघणारी एफएनपी आणि गेल्या जूनमध्ये पास झालेली, यांत निवड करायची वेळ आली तर मी क्षणभरही थांबणार नाही.

रोजच्या आजारांत या फरकाने काय बिघडतं? न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात वाटून दिलं गेलं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक दिसला नाही. हा अभ्यास २००० साली ‘जामा’ या नियतकालिकात आला. सहा महिने म्हणजे फार काळ नव्हे आणि तेवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण खोकल्याच्या निर्णयाला हा पुरावा पुरेसा आहे.

आता शोध. राज्याचा कायदा आधी लक्षात घ्या, कारण एफएनपीचे अधिकार राज्यागणिक बदलतात. वॉशिंग्टन, ओरेगॉन, अ‍ॅरिझोना, कोलोरॅडो इथे ती स्वतःचा दवाखाना स्वतंत्रपणे चालवू शकते. टेक्सासमध्ये औषध लिहायला तिचा एखाद्या डॉक्टरशी लेखी करार लागतो. कॅलिफोर्नियाने २०२०च्या कायद्याने ही अट टप्प्याटप्प्याने सैल केली. म्हणजे सिएटलमध्ये तिच्या नावाची पाटी शोधा, डॅलसमध्ये ती बहुधा डॉक्टरांच्या दवाखान्यातच सापडेल, तेव्हा डॉक्टरांना फोन करून “तुमच्याकडे एफएनपी आहेत का?” असं विचारा.

विमा कंपनीच्या यादीवर डोळे झाकून विसंबू नका. त्या यादीत दवाखाना सोडून गेलेली माणसंही असतात. दवाखान्यात फोन करा, एफएनपीचं पूर्ण नाव आणि पत्ता दोन्ही सांगा आणि ‘माझा हा विमा इथे, यांच्याकडे चालतो का’ असं विचारा. डॉक्टर विम्यात बसतात म्हणून त्याच दवाखान्यातली एफएनपीही बसेल, असं नाही. नाव मिळालं की राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर परवाना तपासा. तो चालू आहे का, त्यावर कारवाई झाली आहे का, हे फुकट दिसतं. नावापुढे एफएनपी-सी किंवा एफएनपी-बीसी असेल तर गोंधळू नका. परीक्षा घेणाऱ्या संस्था दोन आहेत, एवढाच फरक.

विमा नसेल किंवा जुना आजार विम्यातून वगळला असेल (आई-वडिलांच्या बाबतीत बहुधा वगळलेलाच असतो) तर सरकारी अनुदानावर चालणारं सामुदायिक आरोग्य केंद्र शोधा. तिथे उत्पन्नानुसार फी ठरते, पैशाअभावी कुणाला परत पाठवत नाहीत आणि तपासणाऱ्यांत नर्स प्रॅक्टिशनर भरपूर असतात. आपल्या लोकांना तिथे जायची उगीच लाज वाटते. मोठ्या औषधदुकानांतल्या छोट्या दवाखान्यांतही बऱ्याचदा त्याच असतात. पण ते सर्दी-घशापुरते ठीक, रक्तदाबाचा सांभाळ करायला नव्हेत.

भेटीला जाताना गोळ्यांची पाकिटं न्याच, पण त्याबरोबर मूळ औषधांची नावंही लिहून न्या. ‘टेल्मा’ म्हटलं तर तिथे कुणाला कळणार नाही, टेल्मिसार्टन म्हटलं की लगेच कळेल. ‘ग्लायकोमेट’ म्हणजे मेटफॉर्मिन, ‘एल्ट्रॉक्सिन’ म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. आपल्याकडच्या दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या कित्येक गोळ्या तिथे मिळतच नाहीत. त्या सुट्या करून लिहून घ्याव्या लागतात. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या औषधदुकानात सहसा चालत नाही, त्यामुळे मुक्काम लांबून गोळ्या संपल्या तर एफएनपीची एक भेट लागतेच. हे काम ती वीस मिनिटांत करते.

छातीत कळ, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, श्वास लागणं यांत मात्र तिचा नंबर फिरवायचाच नाही. ९११ लावा. एफएनपीचं शिक्षण बाहेरच्या रुग्णांसाठीचं आहे, आणि जाणती एफएनपी तुम्हाला हेच पहिल्या भेटीत सांगेल. गुंतागुंतीचं दुखणं असेल, तीन-चार तज्ज्ञांची औषधं एकमेकांवर आदळत असतील, तर डॉक्टरांची वेळ कितीही लांब असली तरी ती घेऊन ठेवा. मधल्या काळात एफएनपीकडे जात राहा.

उठण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहतो : “तुम्ही नसाल तेव्हा माझे रिपोर्ट कोण बघणार?” ठोस नाव मिळालं तर तोच दवाखाना धरा. “कुणीतरी बघेल” असं उत्तर आलं, तर यादीतला पुढचा फोन लावा.

पुढील लेखांकात : औषधदुकानाचं बिल आणि त्यातून कमी होऊ शकणारी रक्कम.