आकड्याला साल हवे, हद्दही हवी

मराठी विकिपीडियावर भारतातील शेतीविषयीचा लेख सुधारताना नवा मजकूर घालण्याआधी प्रत्येक आकड्याचे साल आणि हद्द तपासावी. भंडारा जिल्हाच घ्या. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला. त्याआधीचे धानाखालील क्षेत्र आजच्या आकड्याशेजारी ठेवले, तर लागवड एकाएकी घटल्याचा भास होतो. प्रत्यक्षात बदलली ती सीमा. देशाच्या लेखात जिल्ह्याचे तपशील कशाला, हा आक्षेप रास्त आहे. तपशील स्वतंत्र लेखात जावेत. पण सिंचनाच्या विभागात कालवे-विहिरींसोबत पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (एकेकाळी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातील) तलावांना आणि ते बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या कौशल्याला संदर्भासह एक वाक्य मिळायलाच हवे. त्याविना देशाचे चित्र अपुरे राहते.