ऑफिसची बाइक, रेसचा थरार!

रेसिंग म्हणजे बड्या कंपन्यांचा आणि बड्या बजेटचा खेळ, असंच वाटतं ना? मग रायन फार्कहारला भेटा! उत्तर आयर्लंडच्या या रायडरने कावासाकीची ईआर-६ घेतली. ६४९ सीसी, दोन सिलिंडर, रोज ऑफिसला न्यावी अशी साधी बाइक. स्वतःच्या वर्कशॉपमध्ये तिचं रूप पालटलं आणि २०१२ मध्ये आइल ऑफ मॅनची लाइटवेट टीटी जिंकली! बजाजने २०११ मध्ये आपल्याकडे आणलेली निंजा ६५०आर म्हणजे हिचीच सख्खी बहीण.

अशी बाइक बनवायची तर सुरुवात फुकटात होते. हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, स्टँड काढा. वजन लगेच उतरतं. पैसे टाका ते सस्पेन्शन, ब्रेक आणि टायरवर. या गटात इंजिनं साधारण एकाच ताकदीची, त्यामुळे वेळ वाचतो तो वळणावर. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी! जास्त ताकद काढायला गेलात, की ते लवकर दगा देतं आणि सगळं बजेट कोलमडतं. ऑइलचा बोल्ट मात्र तारेने बांधायचाच. तेल सांडलं तर मागून येणारा घसरलाच म्हणून समजा.

हा खेळ निव्वळ जुगाडाचा नाही. त्याच वर्षी मँक्स ग्राँ प्रीमध्ये फार्कहारच्याच टीमची बाइक चालवताना त्याचे नातलग ट्रेव्हर फर्ग्युसन गेले. त्याने रेसिंग सोडलं. पुढे तो परतलाही. तेव्हा काटकसर रंगात करा, स्टिकरमध्ये करा. ब्रेक आणि हेल्मेटमध्ये नको!