बारभाईंचा हिशेब आणि उल्हासकाठ

शहाडवरून मुरबाडकडे निघालेला रस्ता पुढे माळशेजच्या घाटाने जुन्नरच्या मुलखात चढतो. शहाडजवळून वाहणारी उल्हास नदी कल्याणला खाडी होते, आणि ठाण्यापाशी तिचा एक फाटा वसईच्या समुद्राकडे वळतो. पेशवाईतल्या यादवी युद्धाची चर्चा आपण शनिवारवाडा, पुरंदर आणि वडगाव यांच्या भोवती करतो. त्या युद्धाची किंमत मात्र या एका पाण्यावरच्या तीन ठाण्यांनी, म्हणजे ठाणे, कल्याण आणि वसई यांनी मोजली. रघुनाथरावाविरुद्ध उभ्या राहिलेल्या कारभाऱ्यांच्या मंडळाचे, म्हणजे बारभाईंचे, नेतृत्व थोर होते की नुसते धूर्त, या जुन्या वादाचा निकाल लावायचा तर तो याच काठावर उभे राहून लावावा लागतो. माझे म्हणणे असे की घरच्या लढाईत आधी गादीचा हक्क पक्का करायचा आणि मुलूख नंतर सांभाळायचा, हा क्रम बारभाईंनी शेवटपर्यंत मोडला नाही. त्यांचे यश त्या क्रमात आहे आणि साष्टीचे, म्हणजे ठाणे ज्यावर आहे त्या बेटाचे, नुकसानही त्यातच आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पेशवा नारायणरावाचा खून झाला. त्याच्या चुलत्याने, रघुनाथराव ऊर्फ राघोबाने, आळेगावच्या मुक्कामी साताऱ्याहून आलेली पेशवाईची वस्त्रे घेतली. म्हणजे कागदोपत्री तो पेशवा होता आणि सेनापती म्हणूनही पलीकडच्या कोणाहून उणा नव्हता; अटकेच्या मोहिमेचे नाव त्याच्या पाठीशी होते. बारभाईंकडे होती नारायणरावाची गरोदर विधवा. सखारामबापू आणि नाना फडणीस यांनी गंगाबाईला पुरंदरावर नेले आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. २६ मार्च १७७४ ला कासेगावला रघुनाथरावाने बारभाईंच्या फौजेचा पराभव केला. त्या फौजेचे सेनापती त्र्यंबकराव पेठे जखमी होऊन हाती लागले आणि त्या जखमांनीच वारले. एरवी इथेच सगळे आटोपायचे. पण लढाई जिंकलेला राघोबा पुण्यावर न येता उत्तरेकडे गेला आणि १८ एप्रिलला पुरंदरावर मुलगा जन्मला. चाळीस दिवसांच्या त्या पोराला साताऱ्याची वस्त्रे आली. आता कुंपणावर बसलेल्या सरदाराला राघोबाकडे जायचे तर धन्याविरुद्ध जावे लागणार होते. कासेगावची हार या एका गोष्टीने भरून निघाली.

यावर आक्षेप असा की मूल मुलगा निघाले हे दैव, त्यात नेतृत्व कसले? जन्म दैवाचा खरा. पण जन्मापूर्वीच गर्भाच्या नावाने राज्य चालवण्याची मांडणी दैवाने केलेली नाही. मुलगी झाली असती तर बारभाई संपले असते, हेही तितकेच खरे. जोखीम त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतली होती.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. सगळे लक्ष राघोबावर ठेवल्यामुळे कोकण उघडे पडले. राघोबाने मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली होती, पण तो साष्टी देईना म्हणून बोलणी अडली होती. तेवढ्यात पोर्तुगीज आपला जुना मुलूख परत घ्यायला येणार अशी हूल उठली, आणि डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला परस्परच जिंकून घेतला. पुढे मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबाने साष्टी आणि वसई लिहून दिली. इथे बारभाईंची सफाई देण्यात अर्थ नाही. ठाणे वाचवायला फौज नव्हती, कारण ती राघोबाच्या मागावर होती. मात्र त्या तहाने यादवीचे रूपही पालटले. टोपीकरांच्या फौजेसह येणारा चुलता हा भाऊबंदकीतला पक्ष राहिला नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शिंदे-होळकरांनी इंग्रज फौज कोंडली, तोवर सरदारांची तळ्यात-मळ्यात बरीच ओसरली होती. वडगावच्या करारात साष्टी परत मिळाली, पण मुंबईच्या इंग्रजांनी करारच नाकारला.

त्यानंतरचे युद्ध उल्हासकाठी आले. १७८० च्या मे महिन्यात कल्याण इंग्रजांकडे होते. मराठ्यांनी वेढा घातला, तो इंग्रज अधिकारी हार्टलेने येऊन उठवला. वर्षअखेर इंग्रज सेनापती गॉडर्डने वसईला मोर्चे लावले. ११ डिसेंबरला वसई पडली आणि दुसऱ्याच दिवशी वज्रेश्वरीजवळ दुगाडला रामचंद्र गणेश कानडे धुक्याचा आडोसा घेऊन हार्टलेवर चालून गेले. धुके अवचित विरले, इंग्रजी तोफांना समोरचे सगळे दिसू लागले आणि रामचंद्र गणेश तिथेच पडले. उत्तर हिंदुस्थानची मोहीम गाजवलेला हा सेनानी भिवंडीजवळच्या एका गावी मेला, याची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही.

नाना आणि महादजी शिंदे यांचे पटत नव्हते, मग एक नेतृत्व कुठले, असेही विचारतात. महादजीच्या ताब्यातून राघोबा १७७९ मध्ये निसटला, तरी नानाने महादजीशी तोडले नाही. शिंद्यांना पर्याय नव्हता, हे त्याला कळत होते. उलट १७ मे १७८२ ला महादजीने सालबाईचा तह केला, तो नानाने इंग्रजांशी लढत असलेला मैसूरचा हैदर अली जिवंत असेपर्यंत मान्यतेसाठी लटकत ठेवला. डिसेंबरात हैदर वारला तेव्हाच मान्यता दिली. न पटणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या कामाचा उपयोग करून घेतला, याला मी एकोप्याहून अवघड गोष्ट म्हणेन.

सालबाईने वसई परत आली, कल्याण परत आले, राघोबाला पेन्शन मिळाली आणि पुढच्या वर्षी तो कोपरगावी वारला. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. पुढची पस्तीसेक वर्षे कल्याणच्या बंदरातून ओहोटी साधून सुटलेले गलबत ठाण्याच्या धक्क्याला लागले की परमुलखात गेलेले असे.