काचेमागची माउली

तांतींच्या स्वयंपाकघरात, पूर्वेकडच्या भिंतीवर मरियामातेची एक काचेची प्रतिमा होती. मान कललेली, डोळे अर्धवट मिटलेले, शेजारी बोटभर उंचीचा क्रूसावरचा येशू. मातेचे हात छातीशी जुळलेले आहेत, पण त्यातला एक तळहात नाही. त्या जागी मागची लाकडी फळी दिसते.

मी मूळचा पुण्याचा. गेली सहा वर्षं रोमानियातल्या क्लूज शहरात नोकरी करतो आणि तांतींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. वयाने मोठ्या बाईला आपण मावशी म्हणतो तसं इकडे ‘तांती’ म्हणतात. त्या हाताबद्दल मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आईने पुसला.” ईस्टरच्या आधी घर झाडताना आईने चौकट उघडली आणि काच आतून ओल्या फडक्याने पुसली. मळ निघाला, त्याबरोबर हातही निघाला.

असं का झालं, ते कळायला ही चित्रं कशी काढतात ते पाहावं लागतं. नमुन्याचा कागद खाली ठेवायचा, वर काच ठेवायची आणि कागदावरच्या रेघा बारीक कुंचल्याने काळ्या रंगात काचेवर उतरवायच्या. एरवी चित्रकार डोळ्यांतली चमक, वस्त्रावरची नक्षी शेवटी काढतो. इथे ते सगळं आधी. त्यावर वस्त्रांचे मोठे रंग, आणि पार्श्वभूमी सगळ्यांच्या नंतर. मग काच उलटून भिंतीवर लावायची. बघणारा समोरून बघतो, रंग काचेच्या पाठीला असतो. अंड्याच्या बलकात किंवा सरसात कालवलेला तो रंग गुळगुळीत काचेला जेमतेम धरून असतो. म्हणून अशी प्रतिमा समोरून खुशाल पुसा, मागून कधीही नाही. तंजावरला भोसल्यांच्या काळापासूनची देवादिकांची काचचित्रं याच उलट्या रीतीने काढलेली आहेत. कुणाच्या घरी तसं चित्र असेल तर हे तिथेही लक्षात ठेवावं.

तांतींचं माहेर बुकोविनातलं, म्हणजे कार्पेथियन डोंगरांच्या पलीकडचं. प्रतिमा आजीच्या लग्नात आली, एवढंच घरात माहीत. मग ती तिकडचीच म्हणायची का? मला तसं वाटेना. डोंगरांच्या अलीकडच्या, आमच्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या प्रतिमांचे बरेच फोटो मी तोवर पाहिले होते आणि ही त्यांच्यासारखीच दिसत होती. शेवटी तांतींची परवानगी घेऊन संग्रहालयात काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना घरी बोलावलं.

त्यांनी चित्राकडे नंतर पाहिलं. आधी टेबलावर मऊ कापड पसरलं, प्रतिमा पालथी घातली आणि पाठ बघितली. सूचिपर्णी लाकडाच्या दोन फळ्या, हाताने तासलेल्या, हाताने घडवलेले खिळे, धुराने काळवंडलेल्या कडा. मग काच तिरप्या उजेडात धरली. पृष्ठभाग तळ्याच्या पाण्यासारखा हलत होता, मधे बारीक बुडबुडे होते. पूर्वीच्या भट्ट्यांमधली काच अशीच असे. अलीकडच्या नकलांना यंत्राची सपाट काच असते आणि लाकडाला चहाचा रंग दिलेला असतो. चित्राभोवती पीळ दिलेल्या दोरासारखी किनार आणि मोजकेच रंग. त्या म्हणाल्या, “निकुला.”

निकुला हे क्लूजच्या उत्तरेला, गेर्लाजवळचं गाव. तिथल्या चर्चमधली मरियामातेची लाकडी प्रतिमा इक्लोदच्या लूका नावाच्या चित्रकाराने 1681 मध्ये रंगवली होती. 1699च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहताना लोकांनी पाहिले, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून तिथे यात्रा भरते. आजही 15 ऑगस्टला माणसांचा पूर लोटतो. आलेल्या प्रत्येकाला माउली घरी न्यायची असे आणि सोनं चढवलेली लाकडी प्रतिमा गरिबाला परवडत नसे. ट्रान्सिल्व्हेनिया नुकताच हाब्सबुर्गांच्या राज्यात आला होता, आणि बोहेमिया-ऑस्ट्रियाकडची काचेवर रंगवण्याची विद्या इथवर पोचली. निकुलाचे शेतकरी घराघरांत प्रतिमा काढू लागले. पुढे ब्रशोव्हच्या श्केई भागात आणि फगराशच्या गावांमध्येही ही कला रुजली. फिरते विक्रेते त्या प्रतिमा घेऊन डोंगर ओलांडत. तांतींच्या आजीच्या गावी ती अशीच गेली असणार. प्रतिमा जिथे सापडली तिथलीच असते असं नाही, हे मला त्या टेबलापाशी नीट समजलं.

बाईंनी मग एक अक्षर दाखवलं, ते मी अजून विसरलो नाही. मातेच्या डोक्याशी ‘देवाची माता’ या ग्रीक शब्दांची चार आद्यंत अक्षरं असतात: म्यू, रो, थीटा, युप्सिलॉन. यातली तीन आरशातही तशीच दिसतात. रो तेवढा फिरतो. तांतींच्या प्रतिमेत तो उलटा आहे. रंगवणाऱ्याने तो सरळ काढला आणि काच उलटल्यावर तो फिरला. त्या माणसाला अक्षरओळख असेल-नसेल, पण त्याचा हात मला तिथे दिसला. निकुलाच्या चित्रकारांनी सहसा आपली नावं लिहिली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी तांतींकडे आला होता. म्हणाला, चौकट किडली आहे, ती टाका, काच मी घेतो. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. फळ्या, खिळे, धूर, सगळं गेलं की उरेल ते चित्र कुठलंही आणि कुणाचंही. जुन्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर न्यायला इथे 2000 सालच्या 182 क्रमांकाच्या कायद्याखाली परवाना लागतो, पण फेकलेल्या चौकटीला कुठला कायदा वाचवणार? सिबिएल गावात झोसिम ओआंचा या पाद्र्यांनी कम्युनिस्टांच्या तुरुंगात पंधरा वर्षं काढल्यावर गावकऱ्यांकडून अशा प्रतिमा गोळा केल्या आणि 1969 मध्ये संग्रहालय उभं केलं. तिथे आज सहाशेहून अधिक प्रतिमा आहेत. मी तिथे गेलो तेव्हा प्रत्येक चौकटीची पाठ बघावीशी वाटत होती.

हात पुन्हा रंगवून मिळेल का, असं तांतींनी विचारलं. बाई म्हणाल्या, नको, उरलेला रंग सुटणार नाही एवढंच करू, आणि चुलीच्या भिंतीवरून ती हलवा. प्रतिमा आता तांतींच्या खोलीत आहे. मी रविवारी वही घेऊन खाली जातो. आजीचं नाव, गावाचं नाव, लग्न कोणत्या ऋतूत झालं, प्रतिमा कोणत्या गाडीतून आली, तांतींना आठवेल तसं लिहून घेतो. फडक्याची गोष्टही लिहिली आहे. खाली त्यांची सही आहे.