माशाच्या नावावर पाणी!

दोस्तांनो, शेत आजोबांच्या नावावर असतं, त्याचा सातबारा असतो. पण नदीतलं पाणी माशांच्या नावावर असतं, असं कधी ऐकलंय का?

आधी आपल्या पैनगंगेवर जाऊ. वाशिम जिल्ह्याच्या दक्षिणेला ती वाहते, पलीकडे हिंगोली. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी ही नदी उन्हाळ्यात डोहाडोहांत उरते. गहू-हरभऱ्याला पाणी हवं, गावाला प्यायला हवं, म्हणून मोटारी चालतात, पाणी अडवलं जातं. ते गरजेचंच आहे. पण मग माशांचं काय?

उन्हाळ्यात भल्या पहाटे, मोठ्या माणसाचा हात धरून, एखाद्या डोहाकाठी उभे राहा. कधी कधी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. त्यांना भूक नाही लागलेली, त्यांचा जीव गुदमरतोय! तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात रात्री शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. वाहतं पाणी मात्र दगडांवर आपटतं, फेसाळतं आणि हवेतला प्राणवायू पोटात घेतं.

आणखी एक नवल! रोहू आणि कतला तळ्यात मजेत वाढतात, पण अंडी घालायला त्यांना नदीच्या पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे माशांना पाणी हवं ते वाहतं, आणि तेही वेळेवर.

आता माशांच्या नावावरच्या पाण्याकडे वळू. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पाण्याच्या हक्कासाठी रांग असते : ज्याची नोंद आधी, त्याचा नंबर आधी. १९८७ साली तिथे कायदा झाला आणि नदीत वाहत ठेवायचं पाणीही त्या रांगेत उभं राहिलं! माशांसाठी, आणि लोकांना पोहता यावं, नाव वल्हवता यावी म्हणूनही. हा हक्क सरकार जनतेच्या वतीने सांभाळतं.

आपल्याकडे २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने सांगितलं, की नदीच्या प्रवाहाचा काही भाग नदीसाठीच राखावा. २०१८ साली गंगेसाठी आकडेही ठरले. उगमापासून हरिद्वारपर्यंत, महिन्याच्या सरासरी प्रवाहाचे शंभर हंडे धरले, तर जून ते सप्टेंबर किमान तीस हंडे नदीतच सोडायचे. ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत पंचवीस, तर नोव्हेंबर ते मार्च वीस. याला म्हणतात पर्यावरणीय प्रवाह. आपल्या पैनगंगेच्या माशांनाही असा मोजूनमापून वाटा मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तोवर मोजायला तर शिकू! मोठ्यांना सोबत घ्या. ओढ्याकाठी दहा मीटर अंतर आखा. वरच्या खुणेपाशी पाण्यात एक संत्रं सोडा. ते अर्धंअधिक बुडून तरंगतं, म्हणून वाऱ्याने फारसं भरकटत नाही. खालच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले? वहीत लिहा. दर पंधरवड्याला पुन्हा मोजा. आकडा वाढत गेला, तर ओढा मंदावतोय. आणि एके दिवशी संत्रं जागचं हललंच नाही, तर वहीत तारखेपुढे लिहा : ‘आज माशांच्या वाट्याचं पाणी थांबलं.’